मिस्त्रीकाकांची गायनी

त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी मार खावा लागे. ओसरीवर एक ओलं पोतं अंथरलेलं असे. पाहुण्यानं त्यावर उभं राहायचं आणि काकांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या पाठीवर, खांद्यांवर, धोतराच्या सोग्यावर सपासप मारायचं. बायकांना ही सेवा नसे. त्यांनी आपला पदर आपणच झटकायचा, पण काका समोर उभे राहून सूचना देत, "डाव्या बाजूनं राह्यलं. हां. आता येजा आत." नवा जावई पहिल्या दिवाळसणाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला, तोही यातून सुटला नाही म्हणे. पहिला फटका बसल्यावर त्यानं सासूकडे पाहिलं. सासू शांतपणे म्हणाली, "खाऊन घ्या जावईबापू. आमी तीस साल झाले खाऊन राहिलो."

मी त्यांना काका म्हणत असे, गाव त्यांना मिस्त्री म्हणे. अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, त्यांची सारी नोकरी फिटर म्हणून गेली. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा देह, कानात एरंडेलाचा बोळा आणि खिशात भिंग. माणूस भेटला की 'कसं काय' असं ते विचारत नसत. "श्वास काय म्हन्ते?" असं विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या छातीकडे टक लावून पाहत. त्यामुळे त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलणाऱ्या बायका गडबडून पदर सारखा करीत.

इतकी वर्षं रुईच्या धुरळ्यात उभे राहूनही हा माणूस जन्मात शिंकला नव्हता. त्याची त्यांना शरमच वाटे. "मले काई झालं नाई," ते म्हणत. "म्या आंगावर घालून घरी आनली धूय, अन् भोगलं तिनं."

ती म्हणजे काकू. दिवाळी झाली, जिनं सुरू झाली की त्यांच्या जिनांजवळच्या वस्तीच्या हवेत रुईचे बारीक तंतू तरंगू लागत. उन्हाच्या तिरिपीत पाहिलं तर वाटे, हवेला मिसरूड फुटलंय. मग काकूंची छाती बोलू लागे. आधी शिंका, मग खोकला, मग शिट्टी वाजावी तसा श्वास. म्हणून भाऊबीज झाली की त्या अंजनगाव सुर्जीला भावाकडे जात आणि होळी झाल्यावर परत येत. अशी सतरा वर्षं झाली होती. वर्षातले चार महिने काका हातानं करून खात. त्यांना भाकरी जमत नसे. खिचडी जमे, पण ती खिचडी आहे हे सांगावं लागे.

केरसुणीशी त्यांचं उभं वैर होतं. घर फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं. लक्ष्मीपूजनाला काकू केरसुणीची पूजा मांडत, तेव्हा ते दारात उभे राहून बजावत, "पूजा खुशाल करजा. पन तिले हालवू नोका. देवाले कोनी उचलून आपटते का?"

मी अकोल्याला आले ती टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली म्हणून. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. माझे वडील अमरावतीला शाळेत संस्कृत शिकवत. मुलीनं नोकरीसाठी परगावी एकटीनं राहायचं, याला त्यांनी फार कष्टानं होकार दिला होता. खोली बघायला आम्ही दोघं मिळून काकांच्या घरी गेलो. वडिलांनी पोत्यावरचा मार निमूट खाल्ला. खोली पाहिली, ती स्वच्छ होती. विहीर परसातच होती. वडिलांचा चेहरा सैल झाला. मग काका म्हणाले,

"मास्तर, एक गोष्ट पयलेच सांगतो. मांगून कटकट नोको. घरात गायनी हाये."

वडील म्हणाले, "गायनी?"

"हाव. बायको चार महिने माहेरी राह्यते. तवा घरात मी अन् माही गायनी, दोघंच. आवाज करते थोडा. सवय होऊन जाते."

वडिलांनी कोपऱ्यात ठेवलेली छत्री उचलली. "चल," एवढंच ते मला म्हणाले. काकांना काही उमजेना. ते मागून येत म्हणाले, "थांबा ना मास्तर, पाहून तं घ्या! म्या सोताच्या हातानं बनवली!"

हे ऐकून वडील थबकले. आपल्या हातानं बनवलेली गाणारी बाई कशी असेल, एवढ्या कुतूहलापोटीच ते मागे वळले असावेत. काकांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. तिथं एक चहाचं मोठं लाकडी खोकं उभं होतं. त्याच्या एका अंगाला तारेची जाळी होती, दुसऱ्या अंगाला पत्र्याचं नसराळं होतं आणि वर विजेची मोटर बसवलेली होती. काकांनी बटण दाबलं. पिठाची गिरणी घशात गोळा अडकून गाऊ लागली, असा आवाज झाला.

"गाळणी!" वडील ओरडले. "अहो, तुम्ही गाळणी म्हणताय!"

"तेच तं म्हनून राहिलो. गायनी."

वडिलांनी खुर्चीत बसून डोळे पुसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. खोली नक्की झाली.

चहा गाळतात तशी काकांना हवा गाळायची होती. कल्पना साधी होती. जिनाच्या भंगारातला एक पंखा खोक्यात बसवलेला. तो खोलीतली हवा आत ओढी. हवा आधी जाळीतून जाई, मग ओल्या तरटातून, मग मलमलीच्या दोन पडद्यांमध्ये पसरलेल्या पिंजलेल्या कापसाच्या जाड थरातून, आणि नसराळ्यातून बाहेर पडे. ओलं तरट जाड धूळ धरी, कापूस बारीक धरी. "कापसानंच बिघडवलं," काका म्हणत, "कापूसच निस्तरन."

घरात चार ठिकाणी त्यांनी एरंडेल लावलेल्या काचेच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. दर रविवारी सकाळी ते पट्ट्या अंगणात उन्हात धरून भिंगातून पाहत. शेजारचे लोक पंचांग ऐकायला यावेत तसे तिथं जमत. "हे पाय रुई. हे चुलीची राख. हे घोड्याच्या लिदीचं, टांग्याच्या रस्त्याचं. अन् हे..." असं म्हणून ते भिंग पुसून घेत. "हे मानसाच्या कातडीचं हाये. आपुनच आपल्याले हुंगून राहिलो."

हे सगळं केलं होतं काकूंसाठी, आणि काकू गायनीचं तोंड पाहायला तयार नव्हत्या. पहिल्यांदा चालू केली त्या दिवशी काकांनी मोटरच्या तारा उलट जोडल्या होत्या. काकू मुद्दाम लग्नातला शालू नेसून समोर बसल्या होत्या, कारण काका म्हणाले होते की आज मोठा दिवस आहे. बटण दाबलं आणि खोक्यातला सगळा कापूस, भुसा आणि तिथं घर केलेली दोन झुरळं, जाळी उडवून, उलटी त्यांच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी त्या अंजनगावला गेल्या. त्या वर्षी दिवाळीच्याही आधी.

मलाही सुरुवातीला गायनीचं काही घेणंदेणं नव्हतं. मग मी शिंकायला लागले.

अमरावतीला मला सकाळी चार-दोन शिंका येत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. अकोल्यात, त्या वस्तीत, त्या हंगामात, मी वीस-वीस शिंका देऊ लागले. नाक लाल, डोळे लाल. ऑपरेटरच्या तोंडापुढेच माऊथपीस. मी "नंबर बोला" म्हणायची आणि पलीकडच्याच्या कानात बॉम्ब फुटायचा. काही लोक मला ओळखू लागले. "आज शिंकणाऱ्या बाई आहेत वाटतं," असं म्हणून ते रिसीव्हर कानापासून लांब धरत.

एके दिवशी एक कापसाचे व्यापारी मुंबईला बोलत होते. ट्रंक कॉलची तीन मिनिटं होत आली, ते सांगायला मी लाईनवर आले. नेमके त्याच वेळी शेठजी म्हणत होते, "तर मग सौदा पक्का समजा..." आणि मी शिंकले. एकदा नाही, तीनदा. मग शेठजींचा आवाज आला, "नको. राहू द्या. आता नको."

संध्याकाळपर्यंत तक्रार आली. आमच्या सुपरवायझर बाई कडक होत्या, पण न्यायी होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझा आवाज चांगला आहे, काम चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण अशा शिंकांनी मला तुला कायम करता येणार नाही. मार्चपर्यंत वेळ आहे. काहीतरी उपाय कर." नोकरी गेली तर अमरावतीला परत जायचं आणि वडिलांनी पाहून ठेवलेल्या पहिल्या स्थळासमोर पोहे घेऊन यायचं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी घरी आले आणि ओसरीवर पोत्यावर उभी राहून रडले.

काका पंचा हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "रडू नोको पोरी. रडल्यानं नाक आनखी बंद होते." आणि त्यांनी गायनी उचलून माझ्या खोलीत आणली.

खिडकीच्या फटीत त्यांनी ओलं तरट ठोकलं. दार लावून घ्यायची सक्त ताकीद दिली. पहिल्या दिवशी आवाजानं झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी लागली. पण आठवडा उलटला तरी शिंका जागच्या जागी! उलट अंथरुणातून उठताना जास्तच. काका अस्वस्थ झाले. त्यांनी माझ्या खोलीत एकदम सहा पट्ट्या मांडल्या: खिडकीत, दाराशी, टेबलावर, कपाटावर, पलंगाखाली आणि उशाशी. दोन दिवसांनी त्यांनी त्या अंगणात नेऊन पाहिल्या. मी दात घासत होते. ते भिंग डोळ्याला लावून एकेक पट्टी पाहत गेले आणि मग एकदम ओरडले,

"सापडला! चोर बाहेरचा नोयच! चोराले तू रोज कुशीत घेऊन झोपून राहिली!"

चोर म्हणजे माझी गादी आणि आईनं दिलेली गोधडी. आजीच्या साड्यांची ती गोधडी मी कौतुकानं अमरावतीहून आणली होती. गादी तर घरातली सगळ्यात जुनी. खोलीभरच्या पाच पट्ट्या जवळजवळ स्वच्छ होत्या आणि उशाजवळची सहावी करडी झालेली होती. गायनी एकीकडून हवा गाळत होती आणि मी कुशीवर वळले की गादी दुसरीकडून धुरळा सोडत होती.

त्या रविवारी काकांनी पिंजारी बोलावला. गादी उसवली तेव्हा आतून जे काही निघालं ते सांगत नाही. गोधडी उकळत्या पाण्यातून काढली, चार दिवस कडक उन्हात टाकली. नवी गादी भरून तिला काकांनी घट्ट विणीच्या मांजरपाटाची खोळ शिवली, शिवणीवर मेण फिरवलं. "आता यातून मुंगीचा सासरा आला तरी बाहेर निघत नाई," ते म्हणाले. कापसाचा थर ते दर आठ दिवसांनी बदलत आणि जुना, काळा पडलेला थर मला आणून दाखवत. "पाय. हे तुह्या छातीत जाऊन राहिलं होतं." ते पाहून जेवण जात नसे, पण विश्वास बसे.

शिंका वीसवरून दहावर आल्या, दहावरून तीनवर. एका सकाळी मी उठले, चहा केला, वेणी घातली, आणि कामावर निघताना ध्यानात आलं की आज एकही आली नाही. मी काकांना सांगितलं नाही. बोललं तर येईल, असं वाटलं.

काकांना ते कळलं वेगळ्याच माणसाकडून. जानेवारीतल्या एका रविवारी दारात टांगा थांबला आणि तेच व्यापारी शेठजी उतरले. हातात पेढ्यांचा पुडा. काकांनी त्यांना पोत्यावर उभं करून यथासांग झोडपलं. ते कुरकुरलेही नाहीत. आत येऊन त्यांनी मला हात जोडले.

"बाई, मी तक्रार केली, ते माफ करा. तुम्ही शिंकल्या म्हणून सौदा सोडला. पुढच्याच आठवड्यात भाव असा पडला, की ज्यांनी घेतलं ते अजून डोक्याला हात लावून बसलेत. मी वाचलो. आता उद्या दुसरा सौदा आहे. तर म्हटलं..." ते खाकरले. "एक डाव शिंकता का?"

मी म्हटलं, "शेठजी, अशी मागून येत नाही हो शिंक."

"प्रयत्न तर करा. हे बघा, मी तपकीर आणली आहे."

एवढ्या सभ्य माणसाला नाही कसं म्हणायचं? मी चिमूटभर तपकीर ओढली. डोळ्यांत पाणी आलं, नाक चुरचुरलं, तोंड उघडलं. शेठजी कान पुढे करून बसले. काका भिंतीला टेकून, श्वास रोखून उभे. काही आलं नाही. मी पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही.

शेठजींचा चेहरा पडला. आणि काका, साठीच्या घरातला माणूस, टाळ्या वाजवत खोलीभर नाचू लागला. "नाई येत! पाह्यलं ना शेठजी? तपकिरीनंई नाई येत! तुमी साक्षीदार! तुमी लिहून द्या!"

शेठजींनी खरंच लिहून दिलं. पेढेही परत नेले नाहीत. तो कागद काकांनी त्याच दिवशी पाकिटात घालून अंजनगावला पाठवला. चार दिवसांनी काकूंचं उत्तर आलं. भाच्याच्या हातून लिहवलेलं, पण भाषा त्यांचीच: "शेठाची चिठ्ठी भेटली. शेठ त्या पेटीत झोपते का? जे पोरगी झोपते तिले लिहाले सांगा. तुमच्यावर भरवसा नाई."

मी लिहायला बसले. काका माझ्यामागे येरझाऱ्या घालत होते. "चांगलं लिहिजो व," ते म्हणाले. मग लगेच, "नाई. खरं लिही." मी खरं लिहिलं. गायनी गिरणीसारखी ओरडते. ती सगळं बरं करत नाही. बाहेर गेलं की मला अजूनही एखादी शिंक येते. पण झोपताना छाती मोकळी असते, आणि दिवस चांगला जातो. शेवटी काकांना न विचारता एक ओळ जास्त लिहिली: इथं माणूस रोज करपलेली खिचडी खातं.

काकू आल्या. शकुंतलेनं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं, मूर्तिजापूरपर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोला. काका मूर्तिजापूरला घ्यायला गेले होते, सोबत ओलं फडकं आणि पाण्याची सुरई घेऊन. काकूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात चमकी. आणि डोळ्यांत, आता आणखी काय बघायला लागणार, असा भाव. माझं आता नव्या गादीवर भागत होतं, म्हणून काकांनी गायनी परत आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती. काकू थेट तिथं गेल्या. खोक्याभोवती एक फेरी मारली.

"तारा नीट जोडल्या हायेत ना?"

"हाव," काका म्हणाले.

"झुरळं?"

"एकबी नाई."

"मंग पयले तुमी बसा समोर."

काका बसले. पाच मिनिटं त्यांच्या अंगावर काहीच उडालं नाही, तेव्हा काकूंनी चटई अंथरली.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. दुपारी परत आले तर काका पडद्याबाहेर जमिनीवर बसलेले, डोकं चौकटीला टेकलेलं. मला वाटलं, काही झालं. मी घाबरून विचारलं, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आत काकू गाढ झोपल्या होत्या. मोटरच्या घरघरीखाली त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, एकसारखा.

"तीन तास झाले," काका कुजबुजले. "जानेवारीत अशी झोपलेली म्या तिले सतरा साल झाले पाह्यली नाई." त्यांचे डोळे भरले होते. पंचानं पुसावेत हेही त्यांना सुचलं नाही.

काकू मग राहिल्याच. चार दिवस बऱ्या जात, एखादा वाईट जाई. पण शिट्टी वाजली नाही. आणि मग रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्यांनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. शेवटचं कधी केलं ते त्यांना आठवत नव्हतं. हंगामात घरीच नसत ना. त्यांनी सगळ्या आळीला बोलावलं. तिळगूळ झाला, वाणाच्या फण्या आणल्या. काकांनी दुपारपासून बायकांचे पदर झटकवले. बैठक गायनीच्या खोलीत होती. बायका दाटीवाटीनं बसल्या, कुणी हळद लावली, कुणी अत्तर, आणि एवढ्यात वीज गेली.

गायनी हळूहळू थांबली. पंचवीस बायका, बंद खिडक्या, हळदीकुंकवाची पूड. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी एकदा खोकून पाहिलं, मग दुसऱ्यांदा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक जण म्हणाली, "आवरतं घेऊ या का?" काकूंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पडद्यामागे खडखड झाली. काकांनी आपली सायकल घरात ओढत आणली होती. मागचं चाक विटांवर उचललं, टायर काढला, खोक्याच्या मागच्या बाजूनं पंख्याच्या दांड्याला पट्टा चढवला आणि स्वतः वर बसून पायडल मारू लागले. करकर, करकर. गायनी पुन्हा श्वास घेऊ लागली, विजेपेक्षा हळू, पण घेऊ लागली. पडद्याखालून त्यांची धोतरातली पावलं तेवढी वरखाली होताना दिसत होती. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

थोड्या वेळानं काकूंचा खोकला थांबला. त्यांनी लांब श्वास घेऊन पाहिला, आणि त्यांची कळी खुलली. बायकांनी धोशा लावला, "नाव घ्या! आज तं नाव घ्याच लागन!" काकू म्हणाल्या, "आता या वयात?" पण पदर सावरून बसल्याही. खोली शांत झाली. फक्त करकर, करकर. काकूंनी खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"बोंडातून निघते कापूस, कापसातून निघते सरकी,
... रावाच्या गायनीनं झाली मी माहेराले परकी!"

तिथं त्यांनी काकांचं नाव अगदी पूर्ण, स्पष्ट घेतलं. ते मी इथं लिहीत नाही. ते घ्यायचा मान त्यांचा. बायकांनी एकच गलका केला.

त्या गलक्यात सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं, की करकर थांबली आहे. पडद्याखालची पावलं पायडलवर तशीच स्थिर होती. बाईमाणसांत आपलं नाव ऐकून काका ऐन साठीत लाजले होते.

काकू पडद्याकडे वळून म्हणाल्या, "थांबले कायले? चालवा ना वो!"